बॅट्समननं सांगायचं

खरं बोलणारी माणसं फार चांगली असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा तिच्या स्कूटरवर मागे बसून बघावं. मी बसलेली आहे. विजय नगरच्या चौकात सिग्नल लाल झाला आणि आम्ही तशाच पुढे निघून गेलो. आमच्या इंदूरला यात जगावेगळं काही नाही. आमच्यामागून दोन रिक्षा आणि एक दूधवालाही तसेच निघून गेले. ट्रॅफिकचा पोलीस झाडाच्या सावलीत मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता. त्यानं पाहिलं नाही, कुणीच पाहिलं नाही. पुढच्या वळणावर हिनं स्कूटर थांबवली.

"ताई, लाल होता."

"होता ना. मग?"

"मग सांगायला पाहिजे."

मी म्हटलं, अगं भवाने, प्रॅक्टिसला उशीर होतोय, कोच माझी सालटी काढेल. पण ती वळलीसुद्धा. पोलिसापुढे गाडी उभी करून म्हणते, "भिया, मैंने अभी सिग्नल तोड़ा. चालान बना दो." त्या बिचाऱ्याला वाटलं, यात काहीतरी डाव आहे. त्यानं आधी आजूबाजूला कॅमेरा शोधला, मग माझ्याकडे पाहिलं. मी कपाळाला हात लावला. "मैडम, आप जाओ ना," तो हात जोडून म्हणाला, "मेरी ड्यूटी खतम होने वाली है." ही जाईना. चालान फाडून घेतलं तेव्हाच आमची सुटका झाली. मग ती मजेत गुणगुणत गाडी चालवत होती आणि मी मागे बसून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

सात नाही म्हणा, दोनच. सगळा दोष तिच्या आजोबांचा.

हीच मुलगी पुढे देशाची निळी जर्सी घालून खेळली. नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही टीव्हीवर तिला पाहिलेलं असणार, आणि मी नाव घालून कौतुक केलं तर ती फोन करून "ताई, इतकं काही नव्हतं" म्हणत एकेक वाक्य दुरुस्त करायला लावेल. मी कोण, तर विजय नगरच्या एका शाळेत पी.टी. शिकवणारी बाई. त्याआधी बरीच वर्षं या शहरात विकेटकीपर होते. माझे वडील रेल्वेत. आमच्या घरी क्रिकेट म्हणजे मुलांनी खेळायचं आणि मुलींनी चहा द्यायचा. मी चहा दिला नाही, स्टंपमागे जाऊन उभी राहिले. तिथं उभं राहून माणसाची दोन इंद्रियं तयार होतात, कान आणि जीभ. माझी जीभ किती तयार आहे ते माझ्या विद्यार्थ्यांना विचारा. कानाचं पुढे येईलच.

ती आमच्या क्लबात आली तेव्हा नववी-दहावीत असेल. काटकुळी, गुडघ्यांवर खरचटलेली, आणि आवाजात काडीचा संकोच नाही. कोचनं विचारलं, "बॅटिंग करशील की बॉलिंग?" म्हणाली, "बॅटिंग. ओपन करीन." आमची ओपनर शेजारीच पॅड बांधत होती. कोच म्हणाले, बघू. तर म्हणते, "बघा ना, मी थांबते." आणि खरोखरच नेटच्या बाहेर पाय जुळवून, हात मागे बांधून उभी राहिली, परेडमध्ये उभं राहावं तशी. शेवटी कोचलाच लाज वाटली असावी. बॅट दिली. त्या संध्याकाळी आमच्या ओपनरनं घरी जाऊन आईला सांगितलं म्हणे, की माझी जागा गेली.

तिला "प्रयत्न करते" हा शब्दच येत नाही. "जमेल" किंवा "नाही जमणार", दोनच. चुकली तर म्हणायची, "माझी चूक. पुढे!" बरोबर ठरली तरी तेवढंच, "मी बरोबर. पुढे!" हा "पुढे" आबांचा, म्हणजे तिच्या आजोबांचा, फौजेतला. रन काढताना ती "यस, नो" ओरडायची नाही, "पुढे!" ओरडायची. समोरच्या टीमच्या मुलींना पहिल्यांदा वाटायचं, ही कुणाला पुढे बोलावतेय? तोवर दोन रन झालेले असायचे.

आता आबा. महूच्या छावणीजवळच्या एका गल्लीत यांचं घर होतं. आबांचे वडील फौजेत, आबाही फौजेत, सुभेदार होऊन घरी आले. अंगानं किरकोळ, पण मिशी अशी की गल्लीतली कुत्रीसुद्धा वळसा घालून जात. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा दारातच मला "जय भीम" म्हणून वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "कीपर?" मी म्हटलं, हो, कसं ओळखलंत? "बोटं," ते म्हणाले. माझी बोटं तेव्हाच सगळी वाकडी झालेली होती.

गल्लीत पोरं क्रिकेट खेळायची आणि खेळापेक्षा भांडणं जास्त व्हायची. आउट आहे, नाही, आईची शप्पथ, तुझ्या आईची. आबांना दुपारची झोप मिळेना. एक दिवस ते निळी प्लास्टिकची खुर्ची घेऊन गल्लीत येऊन बसले. पोरांना वाटलं, आता अंपायर मिळाला. आबा म्हणाले, "अंपायर कुणीच नाही. अपील नाही. ज्याच्या हातात बॅट आहे त्याला सगळं माहीत असतं. बॅट्समननं सांगायचं."

पोरं हसली. पहिल्या दिवशी सगळे खोटं बोलले, अर्थातच. आबा रागावले नाहीत, ओरडले नाहीत. कुणी खोटं बोललं की ते उठायचे, खुर्ची उचलायचे आणि भिंतीकडे तोंड करून ठेवून पुन्हा बसायचे. तेवढंच. सुभेदाराची ती ताठ पाठ समोर दिसली की पोरांच्या तोंडचं पाणी पळायचं. मार खाल्लेला परवडला, पण ती पाठ नको, असं गल्लीतली आता बाप झालेली पोरंही सांगतात. थोड्या दिवसांनी मुलं आपणहून "आउट!" म्हणून बॅट टाकायला लागली. तसं झालं की आबा टाळी वाजवायचे. चौकाराला टाळी नाही, षटकाराला नाही. षटकाराला तर उलट शिव्या, कारण बॉल छावणीच्या कुंपणात जायचा.

अशा शाळेत ही शिकली. तिच्या आईनं, वहिनींनी, मला एकदा पोळ्या लाटता लाटता सांगितलं, "ताई, या घरात सगळे खरं बोलतात. म्हणून लग्न झाल्यापासून माझ्या भाजीला कुणी चांगली म्हणालेलं नाही." मी म्हटलं, वहिनी, भाजी खरंच छान झालीय. त्या म्हणाल्या, "तुम्ही बाहेरच्या ना."

पुढे पोरीच्या खेळासाठी सगळं घर राऊला आलं, म्हणजे इंदूरही जवळ आणि वडिलांचं कामही. वडील पोलोग्राउंडच्या कारखान्यांच्या वस्तीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर. आबांच्या पोटी इतका हळवा माणूस कसा जन्मला याचं मला अजून कोडं आहे. आबा बोलायचे तेव्हा हुकूम सोडल्यासारखे. पप्पा बोलायचे तेव्हा माफी मागितल्यासारखे. पण हात! तिच्या पहिल्या खऱ्या बॅटचा दांडा सैल झाला होता. त्यांनी तो काढला, लाकडाची बारीक पाचर घासूनपुसून आत ठोकली, वर सरस, वर दोरा, वर रबर. मी ती बॅट हातात घेतली तर वाटलं, दुकानातून आत्ताच आली. "पप्पांची बॅट" म्हणून ती सगळ्या क्लबला दाखवत सुटली. पप्पा मैदानाच्या कडेला उभे राहून लाजत होते.

त्याच बॅटनं तिचा घात केला.

राज्याच्या टीमसाठी ट्रायल होत्या. पोरींच्या दोन टीम पाडून मॅच खेळवतात, खुर्च्या टाकून सिलेक्टर बसतात. ती एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूची कीपर. माझे तेव्हा शेवटचे दिवस. मला घेणार नाहीत हे मला माहीत होतं, पण स्टंपमागे उभं राहायला कुणी दिलं तर मी आजही जाते. ती मात्र खेळत होती, काय सांगू! उन्हाळा कडक, मैदान भाजत होतं, आणि ही एखाद्या लग्नघरात वावरावं तशी क्रीझवर वावरत होती. एक सिलेक्टर दुसऱ्याच्या कानाला लागला, ते मी स्टंपमागून पाहिलं आणि मनात म्हटलं, मार्गी लागलं हिचं काम.

पुढचा बॉल ऑफ स्टंपच्या बाहेर होता. तिनं बॅट घातली, बॉल माझ्या ग्लव्हजमध्ये आला. बॅट आणि बॉल यांच्यात एक म्हैस जाईल एवढं अंतर होतं. मी अपील केलं नाही. बॉलरनं केलं नाही. स्लिपमधली पोरगी जांभई देत होती.

आणि ही बॅट काखेत मारून चालू लागली.

"अगं ए! कुठे?" मी ओरडले.

"आउट आहे ताई."

"कोण म्हणतं?"

"मी."

अंपायरसाहेब बिचारे सज्जन. ते तिच्यामागे चक्क धावले. "बेटा, आउट नहीं है. वापस आओ."

"सर, लगी है. मैंने सुना."

"अरे, अपील किसी ने की ही नहीं!"

"सर, हमारे यहाँ अपील होती नहीं." आणि गेली! अंपायर मैदानाच्या मधोमध हात पसरून उभे, आमचा स्कोअरर ओरडतोय, "इसका क्या लिखूँ?", सिलेक्टर एकमेकांकडे बघतायत. एवढ्या वर्षांत मी नाना तऱ्हेनं बायकांना आउट होताना पाहिलंय, पण अंपायर हातापाया पडत असताना आउट होणारी हीच.

मॅच संपल्यावर मी तणतणत तिच्याकडे गेले. शिव्या तयारच होत्या. तिची बॅट हिसकावून घेतली आणि रागानं जमिनीवर आपटली. आतून आवाज आला. टक्. पुन्हा आपटली. टक्. उन्हानं पाचर सुकली होती आणि जरा जोरानं फिरवली की आतल्या आत हलत होती. बॉल लागला तर आवाज हा असाच येतो, अगदी हुबेहूब. ती बॉलला नाही, पाचरीला आउट झाली होती.

मला वाटलं, मिळाला पुरावा. बॅट घेऊन सिलेक्टरकडे पळाले. मोठे सिलेक्टर शांतपणे ऐकत होते. मी टक् टक् करून दाखवलं. ते म्हणाले, "मैडम, लड़की ईमानदार है, मान लिया. पर जिसे अपने बैट और गेंद की आवाज़ में फ़र्क़ नहीं पता, उसे मैं टीम में किस भरोसे रखूँ?" मला इतका राग आला, इतका राग आला, कारण बोलणं खरं होतं. त्या सीझनला तिचं नाव आलं नाही.

मीच तिला राऊला घरी सोडायला गेले. अंगणात आबा खुर्चीवर. "काय झालं?" "आउट," ती म्हणाली, "मी सांगितलं." आबांनी टाळीसाठी हात उचलले, तेवढ्यात माझ्यानं राहवेना. मी सगळं भडाभडा ओकले. आउट नव्हती, बॅट वाजत होती, सिलेक्शन गेलं. पप्पांनी माझ्या हातून बॅट घेतली, दांड्याला कान लावला, ओट्यावर एकदाच हळू ठोकली. त्यांचा चेहरा मला बघवला नाही. "माझ्या पाचरीनं पोरीची टीम गेली," ते म्हणाले. "आजपासून तुझ्या बॅटला हात लावणार नाही."

"पप्पा, आवाज बॅटनं केला," ती म्हणाली. "आउट मी म्हणाले. माझी चूक. पुढे!" पण हे म्हणताना ती बाहीनं डोळे पुसत होती. मी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच.

आबांनी उचललेले हात खाली ठेवले. खुर्ची काही फिरवली नाही. ते म्हणाले, "पोरी, तू खोटं बोलली नाहीस. पण तू खरंही बोलली नाहीस. नुसतं खरं बोलून भागत नाही, खरं कळावं लागतं. शिक."

मग ती शिकायला लागली, आणि माझी संध्याकाळ गेली. शाळा सुटली की आमच्या शाळेच्या मैदानावर ती बॅट घेऊन उभी, मी मागे ग्लव्हज घालून, आणि सुटीच्या दिवशी पप्पा बॉल टाकायला. बॅट नाही धरणार, पण बॉल टाकीन, असा त्यांनी स्वतःशी तह केला होता. बॉल टाकायचा, तिनं डोळे समोर ठेवूनच सांगायचं, लागला की नाही. मी स्टंपमागे एक नंबरची लबाड. मुद्दाम ग्लव्हज वाजवायचे, जीभ टाळ्याला लावून टक् करायचे, बूट घासायचे. सुरुवातीला ती सारखी फसायची. "लागली." "नाही लागली, मी टक् केलं." "माझी चूक. पुढे!" पप्पा अस्वस्थ होऊन म्हणायचे, "ताई, जरा सोपं करा ना." मी म्हणायचे, भाऊसाहेब, पुढे कुणी सोपं करणार नाहीये.

पावसाळा आला, गेला. थंडीत एका संध्याकाळी मी शिंकले, पप्पांचा बॉल तिच्या बॅटशेजारून गेला, पलीकडे शाळेच्या शिपायानं गेट आदळलं. इतका गोंधळ, की बॉल लागला की नाही हे मला, कीपरला, सांगता येईना. ती शांतपणे म्हणाली, "लागली. अगदी खाली, कडेला." बॅट पाहिली तर कडेला लाल पुसटसा डाग.

"कसं ऐकू आलं गं?"

"ऐकू नाही आलं ताई." तिनं बॅट डाव्या हातात धरून उजव्यानं मनगट दाबलं. "इथं कळतं. कान फसतो, हे नाही फसत."

दुसऱ्या सीझनला ती राज्याकडून खेळली. तेच मोठे सिलेक्टर होते. मग झोन, मग कॅम्प, मग एके सकाळी फोन आला की भारताच्या टीममध्ये नाव आहे. ती फोनवर "हओ सर, येते" एवढंच म्हणाली, अन् मग पोहे संपवले. मी मात्र शाळेत प्रार्थना चालू असताना रडले, आणि मुलांना वाटलं की हेडमास्तर बोलले काहीतरी.

देशासाठी खेळायला लागल्यावर माणूस बदलतो म्हणतात. हिच्यात एकच बदल झाला, शेवेची पाकिटं वाढली. परदेशातल्या हॉटेलात नाश्त्याला पातळ ओट्सची खीर देतात, त्यावर ही लवंगी शेव घालून खायची आणि इतर खेळाडूंनाही घालायची. आता म्हणे टीममधल्या दाक्षिणात्य पोरीसुद्धा "इंदौर वाला पैकेट लाई क्या" विचारतात. एप्रिलमधल्या जयंतीला मात्र जगाच्या पाठीवर कुठंही कॅम्प असो, ही सुटी मागते. त्या दिवशी महूला देशभरातून माणसं येतात आणि यांच्या जुन्या गल्लीत पाणी आणि जेवण वाढायची यांची पद्धत. मी गेलेय. देशाची बॅट्समन पदर खोचून वरण वाढत असते, आणि एखादी म्हातारी तिला दटावते, "ए पोरी, भात कुठाय?" आणि ही म्हणते, "माझी चूक. आणते."

आणि बॅट. आता कंपन्यांच्या बॅट येतात, एकाहून एक. ती प्रत्येक नवी बॅट राऊला आणून पप्पांच्या पुढ्यात ठेवायची. "बांधा." पप्पा म्हणायचे, अगं, कंपनीनं बांधलीय की. "तुमच्या हातचा दोरा नसेल तर मी खेळणार नाही." तो माणूस कितीतरी दिवस ऐकेना. ही बॅट तशीच भिंतीला टेकवून ठेवून दौऱ्याची बॅग भरायला बसायची. शेवटी त्यांनी दोरा घेतला. पाचर नाही, काही नाही, फक्त वरचा दोरा आणि ग्रिप. पण बांधून झाली की ती बॅट कानाशी धरून ओट्यावर ठोकत बसायचे, टक् येतोय का ऐकत. वहिनी म्हणायच्या, कुणाला वाटेल घरात सुतार ठेवलाय.

सगळं गोड गोड चाललं असं नाही. पहिल्या काही मॅचमध्ये तिची बॅट बोललीच नाही. टीममधून गेली. इथल्या क्लबच्या मॅचमध्ये पुन्हा रन काढले, पुन्हा बोलावलं, पण आता पाठीमागे दोन नव्या पोरी उभ्या होत्या. जाताना मला फोन केला. "ताई, ही मॅच गेली तर पुन्हा बोलावणार नाहीत." भीती म्हणून नाही, बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. मी म्हटलं, मग? म्हणाली, "मग काय, जमेल."

मॅच दुपारची होती. मी राऊला त्यांच्याकडे बघायला गेले. पुढच्या खोलीत टीव्ही, समोर आबा, महूहून आणलेल्या त्याच निळ्या खुर्चीवर. खुर्चीचा रंग उडालाय, आबांच्या मिशीचाही, पण दोघंही ताठ. पप्पा खाली सतरंजीवर, वहिनींचा एक पाय स्वयंपाकघरात.

आणि आमची पोर लागली खेळायला. ट्रायलच्या दिवशी खेळली होती तशी, लग्नघरातल्यासारखी. पलीकडून विकेटा पडत होत्या, ही उभी. जिंकायला अजून बरेच रन हवे होते आणि तिच्यानंतर कुणी धड बॅट्समन नव्हती. वहिनींनी गॅस बंद केला आणि येऊन बसल्या.

मग तो बॉल आला. ऑफ स्टंपच्या बाहेर, अगदी तसाच. तिनं बॅट घातली, आवाज आला, आणि तो आम्ही सगळ्यांनी ऐकला. टीव्हीत ऐकू येईल एवढा. टक्! कीपरनं हात वर केले, समोरची अख्खी टीम नाचायला लागली, आणि अंपायरचं बोट वर.

पप्पा पांढरेफटक पडले. "आवाज आला," ते म्हणाले. "ताई, बॅटीतून आला. मी बांधलीय ती बॅट." ते उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

टीव्हीत ती हललीच नाही. टीमकडे अंपायरचा निर्णय मशीनवर तपासून घ्यायचा एकच रिव्ह्यू उरला होता. दुसऱ्या टोकाची पोरगी पळत काही विचारायला येत होती, ती पोहोचायच्या आत हिनं हातावर आडवी बॅट धरून रिव्ह्यू मागितलासुद्धा. मग बॅट डाव्या हातात घेतली आणि उजव्यानं मनगट दाबलं. ते पाहिलं आणि मी ताडकन उठले. जगात त्या खुणेचा अर्थ आम्हा तिघांनाच ठाऊक.

मी पप्पांना म्हणायला वळले, घाबरू नका, ती सांगतेय, तेवढ्यात खुर्चीचे पाय फरशीवर घासले. आबा उठले होते. त्यांनी खुर्ची उचलली, टीव्हीकडे पाठ केली आणि भिंतीसमोर जाऊन बसले.

वहिनींनी तोंडाला पदर लावला. ती खुर्ची आयुष्यभर फक्त खोटं बोलणाऱ्यावर फिरली होती. अंपायरनं आउट दिलं, पोरगी नाही म्हणतेय, आणि आबांनी पाठ फिरवली. नातीनं विश्वास गमावला, एवढाच अर्थ त्या खोलीत कुणालाही लागला असता. "आबा," मी म्हटलं, "आबा, थांबा तरी." ती पाठ हलली नाही.

पडद्यावर तोच बॉल पुन्हा दाखवत होते, बॅट हळूहळू खाली येत होती. आवाज टिपणाऱ्या खालच्या रेघेत एकदम काटा उडाला. पप्पांनी वळून तेवढंच पाहिलं आणि डोळे मिटले. "बघा, बघा!" मी ओरडले. काटा उडाला तेव्हा बॉल अजून हातभर दूर होता. बॅटचं टोक जमिनीला घासलं होतं. मग बॉल बॅटशेजारून गेला आणि रेघ सरळ, एकदम सरळ, वहीत पट्टीनं आखावी तशी. तिनं त्या ट्रायलला केली तीच चूक आज अंपायरनं केली होती. कान फसला होता.

अंपायरनं दोन्ही हात छातीशी नेऊन निर्णय मागे घेतला. पप्पा मटकन सतरंजीवर बसले. "जमीन!" ते रडता रडता हसत होते. "जमीन होती, बॅट नाही वाजली, ताई, माझी बॅट नाही वाजली!" वहिनी त्यांना पाणी द्यायला गेल्या आणि स्वतःच पिऊन टाकलं. टीव्हीत ती ग्लव्हज सारखे करून पुढच्या बॉलला उभी राहिली होती. ओठ हलले ते दिसले, म्हणाली असणार, "पुढे!"

मी आबांच्या खुर्चीशी गेले. माझा आवाज जरा चढलाच होता. म्हटलं, "फिरवा आता ती खुर्ची. नाबाद आहे तुमची नात. तिच्यावर पाठ फिरवलीत तुम्ही."

आबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, एखाद्या नव्या रंगरुटाकडे पाहावं तसं.

"तिच्यावर कुठं?" ते म्हणाले. "मी त्या अंपायरवर फिरवली."

मग स्वतःच खुर्ची उचलून टीव्हीसमोर आणून ठेवली, बसले, मिशीवरून हात फिरवला आणि चिडून म्हणाले, "आणि एवढा वेळ मशीनला काय विचारत बसले? बॅट तिच्या हातात होती ना? पोरीला विचारायचं."